सांध्यावरचं काम

लॉगमध्ये ओळ होती आणि तक्त्यात नोंद नव्हती.

ओळ साधी होती. टोकन एंडपॉइंटवर, म्हणजे दुसरी ॲप्स जिथे प्रवेशाचं टोकन मागतात त्या पत्त्यावर, पोस्ट रिक्वेस्ट आली, उत्तर गेलं 'इनव्हॅलिड ग्रँट', स्टेटस ४००, म्हणजे नकार. एकदा वापरून झालेला ऑथोरायझेशन कोड, म्हणजे टोकनसाठी बदलून घ्यायची तात्पुरती चिठ्ठी, पुन्हा आला होता. असं घडलं की एका वेगळ्या तक्त्यात नोंद करायची, हे मीच लिहिलं होतं: कुठला कोड, कुठला क्लायंट (म्हणजे टोकन मागणारं ॲप), किती वाजता. तक्ता उघडला तर रिकामा. आजची ओळ नाही, कालची नाही, कधीचीच नाही. इतके दिवस तो रिकामा दिसायचा तेव्हा मी समजत होते की असा प्रसंगच अजून आलेला नाही.

त्या रिकाम्या तक्त्याकडे येतेच. पण त्याआधी ज्या फाइलमध्ये ही चूक बसली होती तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत मी लिहिलेल्या कोडपैकी सगळ्यात जास्त जीव मी त्या फाइलीत ओतला आहे.

काम असं होतं. आमच्या ॲप्लिकेशनमधली माहिती दुसऱ्या ॲप्सना द्यायची होती, अर्थात माणसाची परवानगी घेऊन आणि त्याचा पासवर्ड त्या ॲप्सच्या हाती न देता. म्हणजे आम्हालाच ऑथोरायझेशन सर्व्हर, परवानगी तपासून टोकन देणारा, व्हायचं होतं. ही गोष्ट कुणी कोऱ्या पानापासून लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. अशी परवानगी देण्याची प्रमाण पद्धत म्हणजे ओऑथ २.०; तिचा मूळ दस्तऐवज, आरएफसी ६७४९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), ऑक्टोबर २०१२ मध्ये निघाला. तो ७६ पानांचा आहे आणि त्याच्या नावातच 'प्रोटोकॉल' नाही, 'फ्रेमवर्क' आहे. कितीतरी निर्णय त्याने राबवणाऱ्यावर सोडले आहेत. त्यानंतरच्या वर्षांत त्यावर थरावर थर चढले: टोकन रद्द करण्याचा आरएफसी ७००९, चोरलेला कोड निरुपयोगी करणाऱ्या पिक्सीचा आरएफसी ७६३६, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुरक्षेच्या पद्धतींचा आरएफसी ९७००. हे सगळं डोक्यात ठेवून लिहिलेली आणि अनेकांनी तपासलेली लायब्ररी हाताशी असताना ती वापरावी. आम्ही पायथनमधली ओऑथलिब घेतली.

ओऑथलिबची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिला कुठलंच वेब फ्रेमवर्क माहीत नाही. टोकन मागायला कुणी आलं की तिला चार गोष्टी द्यायच्या: पत्ता, मेथड, बॉडी, हेडर्स. ती तीन गोष्टी परत देते: हेडर्स, बॉडी, स्टेटस. कुकी म्हणजे काय, सेशन कुठे असतं, डेटाबेस कुठला, याच्याशी तिचा संबंध नाही. ते तिला हवं असेल तेव्हा ती तुम्हाला विचारते. 'हा क्लायंट ओळखीचा आहे का?' 'हा रीडायरेक्टचा पत्ता त्याचाच आहे का?' 'हा कोड अजून चालू आहे का?' अशा प्रश्नांची उत्तरं देणारा एक क्लास आपण लिहायचा. उलट आमच्या वेब फ्रेमवर्कला, जँगोला, कुकी, सेशन, डेटाबेस हे सगळं तोंडपाठ आहे, पण ग्रँट (ज्याच्या आधारावर टोकन मिळतं ते) म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. या दोघांच्या मधला सांधा म्हणजे माझी फाइल. कामाच्या यादीत तिचं नाव होतं 'लायब्ररी इंटिग्रेट करणे' आणि समोर लिहिलं होतं, दोन दिवस.

दोघंही 'रिक्वेस्ट' हाच शब्द वापरतात. मला वाटलं होतं की एका रिक्वेस्टचा आकार बदलून तिची दुसरी बनवायची, इतकंच आहे. पण दोघांचा अर्थ निराळा होता. फ्रेमवर्कला रिक्वेस्ट सोयीची करून हवी असते. लायब्ररीला ती जशी आली तशी हवी असते.

एक उदाहरण देते. आरएफसी ६७४९ सांगतो की कुठलाही पॅरामीटर एका रिक्वेस्टमध्ये एकदाच यावा. दोनदा आला तर रिक्वेस्ट चुकीची. नियम किरकोळ वाटतो, पण समजा पत्त्यात रीडायरेक्ट यूआरआय (कोड देऊन माणसाला जिथे परत पाठवायचं तो पत्ता) दोनदा आला, आणि तपासणाऱ्याने पहिला पाहिला पण पाठवणाऱ्याने शेवटचा वापरला, तर कोड भलत्याच दारात जाऊन पडतो. ओऑथलिब ही पुनरुक्ती तपासते. आता जँगोकडे त्याच नावाचा पॅरामीटर मागितला तर तो निमूटपणे शेवटचा हातात देतो. सगळ्या जोड्या ओळीने मागितल्या तरी प्रत्येक नाव एकदाच येतं. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं होतं: जँगोने नीट लावलेले पॅरामीटर घेतले, त्यांची डिक्शनरी केली आणि लायब्ररीला दिली. लायब्ररीपर्यंत पुनरुक्ती पोचलीच नाही, मग ती तपासणार काय? पहारेकरी जागा होता, मीच त्याच्यासमोरून वाट वळवली होती. आता मी पत्ता मूळ स्वरूपात देते आणि बॉडीही कच्चीच.

कच्ची बॉडी हेही एक प्रकरण आहे. बॉडी हा प्रवाह असतो आणि तो एकदाच वाचता येतो. एखाद्या मिडलवेअरने, म्हणजे रिक्वेस्ट वाटेत हाताळणाऱ्या कोडने, तो आधी वाचून टाकला आणि साठवून ठेवला नाही, तर मागच्याच्या हाती रिकामी बॉडी येते. लायब्ररी मग प्रामाणिकपणे सांगते की ग्रँट टाइप दिलेलाच नाही, आणि पाठवणारा शपथेवर सांगतो की दिला आहे. दोघंही खरं बोलत असतात.

प्रॉक्सीचा मुद्दा लवकर आटोपते. बहुतेक ठिकाणी एचटीटीपीएस रिव्हर्स प्रॉक्सीपाशी, म्हणजे ॲप्लिकेशनच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरपाशी, संपतं आणि आतल्या ॲप्लिकेशनला साधं एचटीटीपी दिसतं. मग ऑथोरायझेशन सर्व्हर स्वतःबद्दल जाहीर करतो त्या मेटाडेटात त्याचा पत्ता एचटीटीपीने सुरू होतो, जो आरएफसी ८४१४ ला चालत नाही. काही लायब्ररी असुरक्षित वाहतूक म्हणून कामच नाकारतात. त्यांच्यात विकासाच्या सोयीसाठी ही तपासणी बंद करणारं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं, आणि घाईच्या वेळी तेच प्रॉडक्शनमध्ये लावण्याचा मोह होतो. ते करू नये. मूळ स्कीम सांगणाऱ्या प्रॉक्सीच्या हेडरवर विश्वास ठेवायला फ्रेमवर्कला सांगावं, आणि तेही ते हेडर फक्त आपल्याच प्रॉक्सीकडून येतं याची खात्री करून.

यापेक्षा मला जास्त शिकवलं ते लॉगिनच्या वळणाने.

ऑथोरायझेशन एंडपॉइंटवर माणूस ब्राउझरमधून येतो. पत्त्यात क्लायंट आयडी, रीडायरेक्ट यूआरआय, स्कोप (काय काय हवं आहे), स्टेट (परत आलेलं उत्तर आपलंच आहे हे ओळखण्याची क्लायंटची खूण), पिक्सीचं कोड चॅलेंज अशी सगळी शिदोरी असते. तो लॉगिन केलेला नसला तर त्याला आधी लॉगिनच्या पानाकडे पाठवायचं आणि मग परत याच पत्त्यावर आणायचं. परतीचा पत्ता 'नेक्स्ट' नावाच्या पॅरामीटरमध्ये जातो. जँगोची स्वतःची सोय हा पत्ता नीट एन्कोड करून देते. मला मात्र वाटेत एक जास्तीची तपासणी हवी होती म्हणून मी ते हाताने लिहिलं, आणि पत्ता तसाच चिकटवला. आतला पहिला अँपरसँड आला आणि 'नेक्स्ट' तिथेच संपला. उरलेले पॅरामीटर लॉगिनच्या पानाचे समजले गेले आणि तिथेच गळून पडले. माणूस लॉगिन करून परत आला तेव्हा त्याच्या हातात फक्त क्लायंट आयडी होता.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्या क्लायंटचा एकच रीडायरेक्ट यूआरआय नोंदवलेला होता, त्यामुळे लायब्ररीने नियमाप्रमाणे तोच धरला. रिस्पॉन्स टाइप (उत्तरात काय हवं हे सांगणारा पॅरामीटर) नव्हता, म्हणून तिने नियमाप्रमाणेच त्या पत्त्यावर एरर पाठवला. स्टेट तर वाटेत गळलेलंच, तेव्हा ते परत गेलं नाही. क्लायंटने स्टेट जुळत नाही म्हणून तो सगळा प्रकार संशयास्पद ठरवला आणि नाकारला. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, आणि चुकीची खूण मूळ जागेपासून तीन घरं लांब, दुसऱ्याच्या ॲपमध्ये उमटली. शिवाय ती माझ्या हाती कधीच लागली नसती, कारण कोड लिहिणारी मी कायम लॉगिन केलेलीच असायचे. तेव्हापासून या फाइलीला हात लावला की मी आधी खाजगी विंडो उघडते.

याच वळणावर एक जास्त धोक्याची गोष्ट आहे. २०१६ मध्ये ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी ओऑथ २.० चं औपचारिक विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यात ३०७ या रीडायरेक्ट स्टेटसमधून होणारा हल्ला दाखवला होता. ३०७ चा अर्थ 'मेथड आणि बॉडी तशीच ठेवून नव्या पत्त्यावर जा' असा आहे. माणसाने लॉगिनचा फॉर्म पोस्ट केला आणि सर्व्हरने त्याच उत्तरात ३०७ देऊन क्लायंटकडे पाठवलं, तर ब्राउझर युझरनेम आणि पासवर्डही क्लायंटच्या पत्त्यावर पोस्ट करतो. जी गोष्ट टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप उभा केला, तीच एका आकड्याने होते. आरएफसी ९७०० मध्येही हा इशारा आहे आणि ३०३ वापरण्याची शिफारस आहे. आता लायब्ररीला हे कुठे सांभाळता येणार? रीडायरेक्ट शेवटी फ्रेमवर्क बनवतं. स्टारलेट या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये रीडायरेक्टच्या उत्तराचा न सांगता मिळणारा स्टेटस ३०७ च आहे. इतर बहुतेक ठिकाणी तो योग्यच असेल, पण इथे नाही. सांध्यावर बसलेल्या माणसाने हा आकडा स्वतः लिहावा, मिळेल तो घेऊ नये.

सीएसआरएफच्या तपासणीचंही असंच. दुसऱ्या साइटने माणसाच्या नकळत त्याच्या नावाने पाठवलेली रिक्वेस्ट ती अडवते. टोकन एंडपॉइंटवर दुसरा सर्व्हर येतो. त्याच्याकडे ना कुकी, ना फॉर्ममधलं गुप्त चिन्ह. फ्रेमवर्क त्याला ४०३ देऊन एचटीएमएलचं पान दाखवतं, आणि जेसन वाचायला बसलेला क्लायंट गोंधळतो. म्हणून तिथे ती तपासणी काढावी लागते. पण परवानगीच्या पानावर, जिथे माणूस 'होय, देतो' असं बटण दाबतो, तिथे ती काढली तर दुसरी साइट त्याच्या नकळत त्याच्या वतीने होय म्हणू शकते. दोन्ही एंडपॉइंट एकाच फाइलीत, एकाखाली एक. तपासणी काढणारी ती एक ओळ कुणावर आहे आणि कुणावर नाही, हे मी रिव्ह्यूमध्ये दर वेळी बोट ठेवून वाचते.

दुसऱ्या भाषांत हे काम करणाऱ्यांशी बोलले की सांध्याचे प्रकार बदलतात, दुखणं तेच राहतं. पीएचपीत लीग या गटाच्या सर्व्हर लायब्ररीला पीएसआर-७ या प्रमाण स्वरूपाच्या रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स लागतात, आणि त्या वस्तू बदलत नाहीत. हेडर लावलं की नवी वस्तू मिळते. ती हातात धरली नाही तर हेडर गेलं, आणि गेलेलं हेडर 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' असेल तर टोकन मधल्या कुठल्याशा कॅशमध्ये राहू शकतं. गो भाषेत फोसाइट ही लायब्ररी भाषेच्याच एचटीटीपी पॅकेजशी थेट बोलते, जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये सगळं फिल्टरच्या साखळीत बसतं आणि तिथे क्रम सांभाळावा लागतो.

आता तो तक्ता.

ऑथोरायझेशन कोड एकदाच वापरायचा असतो. आरएफसी ६७४९ त्याचं आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटं ठेवायला सुचवतो. तोच कोड दुसऱ्यांदा आला तर नकार द्यायलाच हवा, आणि त्या कोडवर आधी दिलेली टोकनं शक्यतो रद्द करावीत, असं तो म्हणतो. हा दुसरा भाग मी कितीदा तरी वाचला होता, पण त्यामागचा विचार मला उशिरा कळला. कोड ब्राउझरच्या पत्त्यातून जातो. इतिहासात राहतो, लॉगमध्ये राहतो, चोरीला जाऊ शकतो. दोघांकडून आला तर चोर आधी आला की खरा माणूस आधी आला, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. चोर आधी पोचला असेल तर त्याला टोकन मिळालेलं आहे, आणि आत्ता नकार मिळतो आहे तो खऱ्या माणसाला. तो नकार हीच सर्व्हरला मिळालेली पहिली आणि एकमेव खबर असते. म्हणून नकार देतानाच आधीचं टोकन मारायचं.

हे करण्यासाठी वापरलेला कोड पुसून चालत नाही. पुसला तर दुसऱ्यांदा आलेला कोड आणि कधीच नसलेला कोड सारखेच दिसतात. म्हणून मी ओळ ठेवून तिच्यावर 'वापरला' अशी खूण करत होते, दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तर 'सिलेक्ट फॉर अपडेट' ने ती ओळ अडवत होते, आणि 'वापरला' दिसलं की त्या कोडची टोकनं रद्द करून, तक्त्यात नोंद करून, लायब्ररीला 'नाही' सांगत होते. हे सगळं बरोबर होतं. आजही तसंच आहे.

मोबाइल ॲपचं काम बघणारी माझी सहकारी एका संध्याकाळी म्हणाली, "अगं, नेटवर्क गेलं म्हणून आमच्या ॲपने तोच कोड परत पाठवला. दुसऱ्यांदा एरर आला, ते ठीकच. पण पहिल्यांदा मिळालेलं टोकन अजून चालतंय. ते बंद व्हायला हवं होतं ना?"

मी लॉग बघितला, मग तक्ता. तिथूनच हा लेख सुरू झाला.

कारण सापडायला दोन दिवस गेले, कारण मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. रद्द करणारा कोड चालत होता. डीबगरमध्ये ओळ ओळ करत गेले तर टोकन रद्द झालेलं डोळ्यांनी दिसत होतं. नोंदही लिहिली जात होती. आणि रिक्वेस्ट संपली की दोन्ही नाहीत.

आमच्या ॲप्लिकेशनमध्ये जँगोची ॲटॉमिक रिक्वेस्ट्स ही सेटिंग चालू होती. प्रत्येक रिक्वेस्टभोवती एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधले बदल एक तर सगळे कायम, नाही तर एकही नाही. व्ह्यूमधून, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमधून, एक्सेप्शन बाहेर पडला की सगळं रोलबॅक, पूर्ववत. चांगली सेटिंग आहे, अर्धवट राहिलेल्या कामांपासून तिने आम्हाला अनेकदा वाचवलं आहे. आणि आमची शिस्त अशी की काही चुकलं की एक्सेप्शन फेकायचा, पुढे एकाच जागी त्याचं व्यवस्थित जेसन उत्तर बनतं. मी माझी फाइल त्या शिस्तीत बसवली होती. लायब्ररीने ४०० किंवा त्यावरचा स्टेटस परत दिला की मी त्याचा एक्सेप्शन करत होते. तीन ओळी, मला तेव्हा नीटनेटक्या वाटलेल्या. एक्सेप्शन व्ह्यूबाहेर पडला, फ्रेमवर्क समजलं काम फसलं, आणि त्याने सगळं पूर्ववत केलं: रद्द केलेलं टोकन पुन्हा जिवंत, लिहिलेली नोंद पुसलेली. त्यानंतर त्याच एक्सेप्शनचं नेमकं 'इनव्हॅलिड ग्रँट' उत्तर बनलं आणि बाहेर गेलं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं आरएफसीनुसार.

लायब्ररीच्या दृष्टीने 'नाही' हे पूर्ण झालेलं काम होतं. तिने तपासलं, ठरवलं, उत्तर दिलं. फ्रेमवर्कच्या दृष्टीने एक्सेप्शन म्हणजे न झालेलं काम. एकाचं उत्तर मी दुसऱ्याच्या भाषेत अपयश म्हणून सांगितलं होतं. खऱ्या माणसाला नकार आणि चोराचं टोकन शाबूत, असा तो उलटा न्याय किती दिवस चालू होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. कुणी त्याचा फायदा घेतल्याची खूण आम्हाला सापडली नाही. पण ज्या तक्त्यात ती खूण दिसायची, तोच पुसला जात होता.

मग त्या धाग्याने मागे गेले. रीफ्रेश टोकन (ज्याच्या बदल्यात नवं टोकन मिळतं ते) दर वापराला बदलत होतो, आणि जुनं पुन्हा आलं की त्याच्या साखळीतली सगळी टोकनं रद्द. तेही रोलबॅक. चुकीचं क्लायंट सीक्रेट, म्हणजे क्लायंटचा स्वतःचा पासवर्ड, किती वेळा आलं याची मोजणी, काही प्रयत्नांनंतर थोडा वेळ थांबवण्यासाठी. तीही प्रत्येक वेळी शून्यावर. नकाराशी जोडलेलं जे जे काम होतं, ते सगळं सारख्याच नेमाने पुसलं जात होतं.

दुरुस्ती छोटी होती. लायब्ररीने जे दिलं ते रिस्पॉन्स म्हणून परत करायचं, स्टेटस ४०० असो वा ४०१. एक्सेप्शन फक्त खऱ्या बिघाडासाठी. ऑथोरायझेशन एंडपॉइंटवर ओऑथलिब दोन प्रकारच्या चुका एक्सेप्शन म्हणूनच कळवते: क्लायंट किंवा रीडायरेक्टचा पत्ताच खोटा असेल तर 'फेटल', ज्यात कुठेही न पाठवता माणसालाच पान दाखवायचं, आणि बाकीच्या, ज्या एररसह क्लायंटकडे परत पाठवायच्या. त्या दोन्ही मी व्ह्यूच्या आतच पकडते आणि त्यांचंही उत्तर बनवते. टोकन एंडपॉइंट त्या आपोआपच्या ट्रान्झॅक्शनमधून बाहेर काढला आणि कुठे सुरू, कुठे कायम, हे स्वतः लिहिलं.

टेस्टही बदलली. जुनी टेस्ट कोड दोनदा पाठवायची आणि दुसऱ्यांदा ४०० आला की समाधान मानायची. नवी टेस्ट तिथे थांबत नाही. ती पहिल्या रिक्वेस्टमध्ये मिळालेलं टोकन घेऊन दार वाजवून बघते. जँगोची नेहमीची टेस्ट स्वतःच एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेली असते, म्हणून या एकीसाठी खऱ्या कमिटने चालणारा प्रकार घेतला. ती हळू चालते. चालू दे.

दुरुस्ती प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात तक्त्यात पहिली ओळ दिसली. क्लायंट ओळखीचा होता, मोबाइल ॲप. मी सहकारीला कळवलं, "नोंद आली." तिने विचारलं, "आणि टोकन?" आमची टोकनं डेटाबेसमध्ये बघून तपासली जातात, त्यामुळे उत्तर लगेच देता आलं. तिने ते टोकन लावून रिक्वेस्ट पाठवली. ४०१: नकार.

तिने ॲपमध्ये बदल केला: उत्तर आलं नाही तर तोच कोड पुन्हा पाठवायचा नाही, माणसाला नव्याने लॉगिनकडे न्यायचं.